बडोद्याला बस फक्त जेवायला थांबवू नका : गुजरात सहली काढणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

महाराष्ट्रातून गुजरातच्या सहली नेणारे तुम्ही सगळे, मोठमोठ्या ऑफिसवाल्यांपासून ते कोपऱ्यावर फ्लेक्स लावून चाळीस सीटची बस भरणाऱ्या काकांपर्यंत, हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. कुणा एकाचं नाव घेणार नाहीये, कारण आमच्या सहलीनंतर मी सात-आठ जणांचे प्रोग्राम मागवून वाचले आणि सगळीकडे बडोद्याची एकच ओळ सापडली. "सकाळी नाश्ता करून प्रस्थान, वाटेत बडोदा पॅलेस, पुढे अमुक ठिकाणी मुक्काम." त्या "वाटेत" शब्दाबद्दल लिहायला बसलेय.

आधी काय झालं ते सांगते. माझी आई ७२ वर्षांची, माहेर मालेगाव तालुक्यातलं, कौळाण्यापासून दोन गावं पलीकडे. कौळाणे म्हणजे सयाजीराव गायकवाडांचं जन्मगाव. आईच्या लहानपणी घरात ही गोष्ट रामायणासारखी सांगायचे, की आमच्याकडचा बारा वर्षांचा पोऱ्या, गोपाळ नाव, वडील काशीराव शेतकरी, आणि बडोद्याच्या जमनाबाई महाराणींनी भाऊबंदांतली पोरं बघायला बोलावली तेव्हा हा गेला, आणि कशाला आलास विचारल्यावर म्हणाला म्हणे की मी राज्य करायला आलोय. २७ मे १८७५ ला त्याला दत्तक घेतलं आणि गोपाळचे सयाजीराव झाले. आईने ही गोष्ट मला सांगितली, मी माझ्या मुलीला सांगितली, आणि आमच्यापैकी कुणीच तो राजवाडा बघितला नव्हता. म्हणून गेल्या डिसेंबरात एका सहलीचं बुकिंग केलं, नाशिकहून सापुतारा, स्टॅच्यू ऑफ युनिटी, "वाटेत" बडोदा.

बस लक्ष्मी विलास राजवाड्याच्या गेटला पोचली तेव्हा पावणेबारा झाले होते, आणि आम्हाला सांगितलं पाऊण तास, साडेबाराला सगळे सीटवर पाहिजेत कारण जेवणाची ऑर्डर दिलेली आहे. तिकिटाच्या रांगेत पंधरा मिनिटं गेली, मग आवारातून वाड्यापर्यंत चालणं आलं आणि आईचे गुडघे कसे आहेत ते मला माहीत. तिथे तिकिटाबरोबर कानाला लावायचं ऑडिओ गाईड मिळतं, नंबर दाबला की त्या त्या दालनाची माहिती सुरू होते. आईने दोन्ही हातांनी तो डबा कानाशी धरला होता आणि डोळे मिटून ऐकत होती, मधेच मला हाताने थांब म्हणायची, पूर्ण ऐकून झालं की मग डोळे उघडून बघायची. दरबार हॉलच्या दारापर्यंत पोचलो आणि माझा फोन वाजला, मॅडम तुम्ही दोघीच राहिलात, सगळे खोळंबलेत. आईने गोष्ट अर्धी असतानाच डबा कानावरून काढला आणि मला म्हणाली, चल बाई, बघितलं की एवढं. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली, जेवली नाही.

आणि त्याच संध्याकाळी आपली बस एका साड्यांच्या दुकानासमोर दीड तास उभी होती. कुणालाही फोन आला नाही.

मला राग आला होता हे खरं, पण हे पत्र तेवढ्यासाठी नाहीये. फेब्रुवारीत मी आईला आणि मुलीला घेऊन रात्रीच्या स्लीपर बसने परत बडोद्याला गेले, दोन रात्री राहिले, आणि तेव्हा कळलं की तुमची बस रोज किती काय मागे टाकून पुढे जाते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी स्वतःसुद्धा ते बघितलं नसणार, कारण तुम्हीही गेटबाहेर बसशी थांबलेले असता. म्हणून सविस्तर लिहितेय.

राजवाड्यापासूनच सुरू करते. १८९० मध्ये बांधून झाला. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, तेच ज्यांनी कोल्हापूरचा न्यू पॅलेस केला, म्हणजे कोल्हापूर बघितलेल्या माणसाला बडोद्यात उभं राहिल्यावर कमानी-मनोरे बघून ओळखीचं वाटतं ते उगीच नाही. मँट १८८१ मध्येच वारले आणि पुढचं काम रॉबर्ट चिझम यांनी पुरं केलं, ते मद्रासला काम करणारे. दरबार हॉलच्या जमिनीला मोझॅक आहे, त्यासाठी वेनिसहून कारागीर आले होते, आणि खिडक्यांना बेल्जियमच्या रंगीत काचा. हे मी वाचलेलं होतं, पण सकाळी लवकर गेलात तर त्या काचांतून ऊन आत येतं आणि तेवढ्यापुरती जमीन रंगीत होते. आई तिथेच उभी राहिली आणि आपली पावलं त्या लाल-निळ्या उजेडावर पडू नयेत म्हणून कडेकडेने चालायला लागली, जशी घरी रांगोळी टाळून चालते. आत फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे तुमच्या ग्रुपवर टाकायला काही मिळणार नाही, पण त्यामुळेच माणसं बघतात तरी. ऑडिओ गाईड नीट ऐकत गेलं तर दीड-दोन तास लागतात, आणि म्हाताऱ्या माणसांबरोबर दोनच धरा. राजघराण्याची मंडळी अजून तिथे राहतात म्हणून वाड्याचा थोडाच भाग उघडा असतो, त्या थोड्याला दोन तास.

आता ती गोष्ट जी मला सगळ्यात जास्त खुपते. त्याच आवारात महाराजा फत्तेसिंह म्युझियम आहे, ती पूर्वी राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती. तिथे राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. छापलेली नाहीत हो, त्याने स्वतः तैलरंगात केलेली, पुरुषभर उंचीची. आपल्या बसमधले चाळीसच्या चाळीस लोक अशा घरांतून आलेले असतात जिथे देवघरात किंवा माजघरात रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतीचं निदान कॅलेंडर तरी लागलेलं होतं. रविवर्मा बडोद्याला पहिल्यांदा आला १८८१ मध्ये, सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले त्या वेळी, आणि पुढे १८८८ मध्ये महाराजांनी त्याला रामायण-महाभारत-पुराणातल्या चौदा चित्रांचं काम दिलं. ती चित्रं वाड्यात लागण्याआधी लोकांना बघायला ठेवली तर गर्दी उसळली. दिवाण सर टी. माधवराव, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, त्यांनीच रविवर्म्याला सुचवलं होतं की तुझी चित्रं छापून सामान्य माणसाच्या घरात जाऊ देत. मग १८९४ मध्ये घाटकोपरला छापखाना निघाला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून ते देव आपल्या आजी-पणजीच्या भिंतीवर आले. म्हणजे आपल्या घरातल्या त्या फ्रेमचं मूळ ज्या खोलीत लागलंय त्या खोलीपासून शंभर पावलांवर तुमची बस उभी असते, आणि तुम्ही लोकांना सांगता की चला उशीर होतोय!

आई "सीताभूमिप्रवेश"समोर किती वेळ उभी होती मी मोजलं नाही. धरणीमाता सीतेला कवेत घेऊन खाली चाललीय आणि राम हात पुढे करतोय. आई म्हणाली, "ह्याच्या हाताकडं बघ, आता पुढं करून काय उपयोग." मग शेजारच्या दोन बायका, कुठल्या होत्या माहीत नाही, गुजराती बोलत होत्या, त्याही थांबल्या आणि आईने त्यांना मराठीत सगळं चित्र समजावून सांगितलं आणि त्यांना सगळं समजलं. तिथले एक पहारेकरी काका खुर्ची घेऊन आले आईसाठी. बाहेर लहान मुलांच्या गाडीचं इंजिन ठेवलंय, खरं वाफेवर चालणारं पण खेळण्याएवढं, राजघराण्यातल्या मुलासाठी आणलेलं, ते बघून माझी मुलगी तिथून हलेना.

तुम्ही म्हणाल एवढी चित्रंबित्रं बघायला आमच्या लोकांना कंटाळा येतो. मी हे तुमच्याच एका मॅनेजरकडून ऐकलंय, त्यामुळे अंदाजाने बोलत नाहीये. मग सयाजीबागेत न्या. तिकडे सगळे कमाटीबागच म्हणतात. १८७९ ची बाग आहे, विश्वामित्रीच्या काठावर, शंभर एकरांच्या वर पसरलेली. त्या नदीत मगरी आहेत, शहराच्या मधोमध, पुलावरून दिसतात सुद्धा, हे सांगितल्यावर बसमधलं एक तरी पोरगं झोपेल का? आत प्राणिसंग्रहालय आहे, छोटी झुकझुक गाडी आहे, आणि बागेजवळ सयाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा आहे ज्याला तिकडे काळा घोडाच म्हणतात, मुंबईसारखं. आणि बागेतच बडोदा म्युझियम. त्यात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सुमारे ७० फूट लांब, १९४४ मध्ये महीच्या मुखाशी वाहून आलेला. माझ्या मुलीने शेपटीपासून डोक्यापर्यंत पावलं मोजली, मग परत उलटी मोजली. इजिप्तची ममी आहे. आणि जिच्याजवळ जवळजवळ कुणी थांबत नाही ती अकोट्याची धातुमूर्तींची मांडणी, बडोद्याच्याच अकोटा भागात सापडलेल्या जैन मूर्ती, काही तर पाचव्या-सहाव्या शतकातल्या, वीतभर उंचीच्या, चेहरे इतके शांत. (अकोटा म्हटलं की आपल्याला अकोला ऐकू येतं, तीन वेळा मला रिक्षावाल्याला सांगावं लागलं.)

शेजारची पिक्चर गॅलरी १९१४ ला बांधून झाली पण उघडली १९२१ ला, कारण युरोपातून घेतलेली चित्रं महायुद्धामुळे तिकडेच अडकून पडली होती. सात वर्षं रिकामी इमारत चित्रांची वाट बघत होती. दुरुस्तीमुळे कधी कधी काही दालनं बंद असतात, सुट्टीचे वारही असतात, ते आधी फोन करून विचारून घ्यायचं काम तुमचं आहे, कारण लोक तुमच्या भरवशावर आलेले असतात.

पण कमाटीबागेत आईला जे बघायचं होतं ते वेगळंच होतं, आणि ते तुमच्या एकाही प्रोग्राममध्ये नाहीये. बाबासाहेब.

१९१३ मध्ये सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली म्हणून बाबासाहेब कोलंबियाला गेले, हे शाळेत सगळे शिकतात. करारानुसार परत येऊन बडोदा सरकारची नोकरी करायची होती, म्हणून १९१७ मध्ये ते आले, एवढं शिकून, आणि त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक जिन्यावरून वर आले आणि त्यांना बाहेर काढलं. मित्रांकडे विचारलं, त्यांनी अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊची, मधे पाच तास, ते पाच तास ते ह्या बागेत बसून होते. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की तेव्हा आई-वडिलांची आठवण येत होती, निराधार झालेल्या लेकराला येते तशी. ती जागा आता संकल्पभूमी म्हणतात, आणि २३ सप्टेंबरला तिथे लोक लांबून लांबून येतात, आपल्याकडून पण गाड्या करून येतात, ते कुठल्या टूरवाल्याची वाट बघत नाहीत.

आम्ही तिथे गेलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते. जळगावकडचं एक कुटुंब होतं, आजोबा टोपी काढून हातात धरून उभे होते, त्यांच्या सुनेने डबा काढला आणि सगळ्यांना एकेक दशमी दिली, आम्हालाही दिली. आईने विचारलं की राजाचं नाव कागदावर असून सुद्धा खोली का नाही मिळाली, राजाने सांगितलं असतं तर? आजोबा म्हणाले, "ताई, राजाचं ऐकणारे लोक होते का पण." मग कुणीच काही बोललं नाही. ज्या राजाचं आम्ही एवढं कौतुक करत आलो, ज्याने १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लागू केलं, त्याच्याच राजधानीत, त्याच्याच बागेत हे झालं. राजवाडा बघायचा तर ही जागाही बघायला पाहिजे, त्याच दिवशी, असं मला फार आतून वाटतं. दोन्हींतलं अंतर रिक्षाने थोडक्या मिनिटांचं आहे.

दुसऱ्या दिवशी तांबेकर वाड्यात गेलो. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा लाकडी वाडा, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. बाहेरून बघितलं तर आपल्या पुण्या-नाशिकचा जुना वाडा वाटावा. अरुंद जिना चढून वर गेलं की एका खोलीत भिंतीभर चित्रं, दारांवर चित्रं, कृष्णाच्या लीला, महाभारत, आणि त्यातच मराठे आणि इंग्रजांची लढाई, लाल कोटातले सोल्जर ओळीने. खालच्या बाजूचे रंग कुठे कुठे उडालेत. आम्ही तासभर होतो आणि त्या तासात आमच्याशिवाय दोनच माणसं आली. नाशिकच्या जुन्या वाड्यांचं काय झालं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे असा एक वाडा चित्रांसकट उभा आहे म्हटल्यावर मराठी माणसाची बस तिथे न थांबता जाते कशी? बस गल्लीत जाणार नाही हे मान्य, पण बाहेर रस्त्यावर उतरवून चालत नेता येतं की.

त्याच भागात, रावपुरा, दांडिया बाजारकडे, कानावर मराठी पडतं. थोडं वेगळं, मधेच गुजराती हेल, पण घरचं. आम्ही जिथे सेव-उसळ खाल्ली तिथल्या काकूंनी आईला विचारलं, "तुम्ही कुठल्या गावच्या?" आणि कौळाण्याजवळच्या म्हटल्यावर पैसे घ्यायला तयार होईनात. २०१८ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन इथेच भरलं होतं, ९१ वं. हिराबाई बडोदेकरांच्या नावात हे गाव आहे. इथे मराठीतून शहर दाखवू शकतील अशी निवृत्त मास्तर मंडळी नक्की सापडतील, त्यांना दोन तासांचे रीतसर पैसे द्या आणि बसमध्ये माइक त्यांच्या हातात द्या. आत्ता माइकवर अंताक्षरी चालते, ती परतीच्या रात्री पण खेळता येईल.

कीर्ती मंदिराबद्दल थोडंच लिहिते कारण आम्हाला तिथे अर्धाच तास मिळाला. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी सयाजीरावांनी बांधलं, १९३६ मध्ये पुरं झालं, आणि आत भिंतींवर नंदलाल बोस यांनी केलेली चित्रं आहेत, गंगावतरण, महाभारताचं युद्ध, मीराबाई. शांतिनिकेतनला जाऊन बघायची गोष्ट बडोद्यात आहे, एवढंच म्हणते.

तर माझी मागणी काय? दोन मुक्काम. दोन नाही जमले तर एक पूर्ण दिवस आणि एक रात्र, पण सकाळी उघडल्या उघडल्या राजवाडा, तिथूनच रविवर्मा, दुपारी जेवून थोडी विश्रांती, मग कमाटीबाग आणि म्युझियम, संध्याकाळी संकल्पभूमी. दुसऱ्या दिवशी तांबेकर वाडा आणि कीर्ती मंदिर करून दुपारनंतर केवडियाला निघा, ९० किलोमीटरच आहे, स्टॅच्यू तिसऱ्या दिवशी सकाळी उन्हाच्या आत बघून होतो, लोक पण ताजेतवाने असतात. रेट हजार-बाराशेने वाढला तर वाढू दे, आम्ही देऊ, पण प्रोग्रामच्या कागदावर किती वाजता आत आणि किती वाजता बाहेर हे छापा, म्हणजे बुकिंग करतानाच माणसाला कळेल. आणि गुडघे दुखणाऱ्या माणसांसाठी दोन घडीच्या खुर्च्या बसच्या डिकीत ठेवा, ह्याला तर काही खर्चच नाही.

साड्यांचं दुकान काढून टाका असं मी म्हणत नाही. आई पण साडी घेते. फक्त जेवढा वेळ दुकानाला तेवढा तरी रविवर्म्याला द्या.

शेवटचं एक, हे आईने सांगितलंय म्हणून लिहितेय. नाशिक किंवा मालेगावहून बस काढणार असाल तर सुरुवात कौळाण्यापासून करा. अर्धा तास थांबा, जिथून तो पोरगा निघाला ते गाव लोकांना बघू द्या, आणि मग सरळ बडोदा. त्या बाजूच्या गावांमध्ये अशी कितीतरी म्हातारी माणसं आहेत जी ही गोष्ट आयुष्यभर सांगत आलीयेत आणि तिकडे कधी गेली नाहीत. आईच्या माहेरच्या सात जणांची नावं तिने वहीत लिहून ठेवलीत, दोघांना जिना चढता येत नाही, त्यांना खालच्या सीट लागतील. तारीख कळवलीत की मी पैसे घेऊन येते.

आपली,
नाशिकची एक प्रवासी